डाव्या हाताचं बोट

"आ कर. अजून. अजून थोडं," डॉक्टर म्हणाल्या, आणि प्रणाली पोवारनं तोंड एवढं उघडलं की मागच्या मुली खिदळायला लागल्या.

मी त्यांच्यावर डोळे वटारले. पाचवीच्या वर्गात बाक भिंतीला सरकवून मधोमध एक खुर्ची ठेवली होती. डॉ. मुजावर नावाची ती मुलगी तालुक्याहून दातांची तपासणी करायला आली होती. मुलगीच म्हणायची, फार तर सव्वीस वर्षांची असेल. सकाळपासून तिनं मुलगे संपवले होते आणि आता मुलींच्या रांगेला लागली होती. तिची बॅटरी प्रणालीच्या तोंडात बराच वेळ थांबली.

"बाई, जरा इकडं या."

मी वाकून पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता. चिंचोक्याएवढा. दातांच्या मुळाशी काळी रेघ.

"मिशरी लावतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रणालीनं तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला विचारतायत का त्या? तुला विचारतायत," मी म्हटलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"तिसरीत दात दुखत हुता. आजीनं लावली."

तिला खाली बसवून डॉक्टर मला दाराशी घेऊन गेल्या. "दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. आत्ता सोडली तर बहुतेक वेळा हा चट्टा जातो. नाही सोडली, तर पुढं काय होतं ते मी तिच्यासमोर बोलत नाही. अकरा वर्षांची आहे हो ती. मी तीन महिन्यांनी पुन्हा येईन. तेव्हा मला तो चट्टा दिसायला नको. एवढं कराल?"

"करीन," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत आकडा कळला. पाचवी ते सातवीच्या एकतीस मुलींपैकी चौदा मिशरी लावत होत्या. जाता जाता डॉक्टरांनी ब्रशांचं एक खोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "शिक्षकांचंही बघून घेते, या." मी म्हटलं, माझा उपास आहे. दात बघायला उपास कशाला आड यावा, हे त्यांनी विचारलं नाही. चांगल्या घरची मुलगी होती.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटाच्या अलीकडे खडकेवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेत मी तेव्हा नऊ वर्षं होते. आरोग्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे वजनं, उंच्या, जंतांच्या गोळ्या, आणि दर सोमवारी नखं. सोमवारी माझ्या वर्गात पोरं दोन्ही हात बाकावर पसरून बसायची आणि मी पट्टी घेऊन फिरायची. मारायची नाही, पण पट्टी हातात असायची.

दुसऱ्या दिवशी मी आकडा घेऊन चौगुले सरांकडे गेले. हे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला घाबरायचा. त्याच महिन्यात त्यांनी फाटकाशेजारी 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी रंगवून घेतली होती, आणि तालुक्याला पाठवायचा तक्ता टेबलावर भरून तयार होता. तंबाखू खाणारे विद्यार्थी: निरंक. तंबाखू खाणारे शिक्षक: निरंक. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही.

"सर, तो तक्ता बदलायला लागेल. चौदा मुली आहेत."

"चौदा काय?"

"मिशरी लावणाऱ्या."

सर हसले. खरंच सुटल्यासारखे हसले. "मिशरी व्हय! मला वाटलं कोण गुटखा खातंय का काय. अहो बाई, मिशरी म्हंजे काय तंबाखू न्हवं. दात घासायचं ते."

"तंबाखूच भाजून करतात सर."

"भाजल्यावर त्यात काय ऱ्हातंय? आमची आई लावती, बायको लावती. त्यास्नी काय तंबाखू खाणाऱ्या म्हणायचं?" त्यांनी तक्ता उचलून कपाटात ठेवला. "आणि पाटीचं काय करू? परत रंगवू? 'चौदा सोडून तंबाखूमुक्त शाळा' असं लिहू?"

मी तणतणत बाहेर आले. माझा स्वभावच तसा. पण खरं सांगायचं तर चौगुले सर बोलले ते गावात कुणालाही विचारलं असतं तरी तेच ऐकायला मिळालं असतं. गावात विडी ओढणारी बाई दिसली तर लोक वळून बघतील. मिशरीची डबी मात्र प्रत्येक चुलीजवळ, मिठाच्या बरणीशेजारी. ते व्यसन नव्हतंच मुळी. सकाळचं तोंड धुणं होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं लागले. प्रार्थना झाली की सगळी शाळा नळापाशी ओळीनं उभी करायची. हातात ब्रश, त्यावर पेस्ट, मी मोजायची तेवढा वेळ घासायचं. फळ्याशेजारी सडलेल्या जबड्यांची चित्रं लावली. त्या चित्रांमुळं तिसरीतला एक मुलगा जेवेना, त्याच्या आईनं येऊन मला शाळेच्या दारात झाडलं. दप्तरं तपासली, पाच डब्या सापडल्या. त्या मी गटारात फेकल्या. दुसऱ्या दिवशी पाच नव्या आल्या.

आणि प्रणाली? ती सगळ्यात आधी नळावर यायची. सगळ्यात मन लावून घासायची. सोमवारी हात पसरला की डाव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत तपकिरी. चांगलं मुरलेलं. साबणानं जात नाही तो रंग.

"काल लावलीस?"

"व्हय बाई."

"आज?"

"व्हय."

खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई-बाप इचलकरंजीला कामाला, घरात ती आणि आजी. आजीचं नाव केराबाई. दारातच चूल मांडून ती तव्यावर तंबाखू भाजत बसली होती. सगळ्या आळीची मिशरी तीच करून द्यायची. पानं काळी पडेस्तोवर उलथायची, मग पाट्यावर बारीक करायची.

"बसा बाई. धूर लागंल हिकडं, त्या अंगाला बसा."

मी त्या अंगाला बसले नाही, तिथंच बसले. "केराबाई, पोरीच्या तोंडात चट्टा आलाय. डॉक्टर म्हणाल्या, मिशरी बंद करायला पाहिजे."

"तिला म्या कवाच सांगितलंय, बंद कर म्हणून."

"तुम्ही सांगितलंय?"

"मग! बाई सांगतील तसं वाग म्हटलं." तिनं उलथनं आपटलं. "ऱ्हाती दोन दीस. तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसती, परसाकडं हुत न्हाई, खायाला नगं म्हणती. मग मीच म्हणते, लाव बाई जरा. पोर तळमळताना बघू का मी?"

"म्हणून तुम्हीच देता?"

"माझं दात बघा." तिनं तोंड उघडलं. "सत्तरी गाठली. एक पडला न्हाई. तुमच्या डाक्टरीणबाईच्या तोंडात एवढं असत्यात का बघा की."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला. बोलून बोलून माझा घसा कोरडा पडला, तवा उतरला, तिनं पाटा मांडला, आणि तरीही मी तिथं बसून होते. गरजेपेक्षा जास्तच वेळ बसले.

सोमवारी पुन्हा तेच तपकिरी बोट समोर आलं आणि माझं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत मी प्रणालीला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"तुला मरायचंय का?" मी ओरडलेच. "महिना झाला मी घसा फोडतेय. चित्रं दाखवली, ब्रश दिला, तुझ्या घरी येऊन बसले. तुला कळतं का नाही? मला सांग, एवढं काय त्या मिशरीत सोडता न येण्यासारखं?"

ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. तिनं इकडं तिकडं पाहिलं, माझ्या जवळ आली आणि हळूच विचारलं:

"बाई, तुमी कसं सोडलासा?"

"काय?"

"मिशरी."

माझ्या तोंडात लवंग होती. ती मी दाढेखाली तशीच धरून ठेवली.

"आधी तुमच्याजवळ आलं की वास यायचा," ती म्हणाली. त्यात कुठलाही चिमटा नव्हता. "वही तपासताना वाकलासा की यायचा. डाक्टर येऊन गेल्यापासनं येत न्हाई. म्हंजे सोडलासा न्हवं? माझं तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागतंय. ते कसं थांबवायचं ते चित्रात लिवल्यालं न्हाई. तुमास्नी ठावं आसंल म्हणून इचारलं."

आता सांगून टाकते. मी दहा वर्षांची असल्यापासून मिशरी लावत होते. माझ्या आईनं लावली होती, दाढदुखीवर. पुढं शिकले, डी.एड. झाले, लग्न झालं, नोकरी लागली, आणि रोज पहाटे, दुपारी जेवल्यावर आणि शाळेतून घरी आल्यावर मी डबी उघडत होते. डाव्या हातानं लावायची, कारण उजव्या हातात खडू असतो आणि उजवा हात सगळे बघतात. डॉक्टर येऊन गेल्यापासून मी फक्त एक केलं होतं, वास झाकायला लवंग चघळायला लागले होते. तक्त्यावर 'निरंक'पुढं मी सहज सही करून टाकली होती, कारण चौगुले सरांसारखंच मलाही वाटायचं, ते काय तंबाखू न्हवं. आणि सोडून बघितली नव्हती असंही नाही. चारदा बघितली होती. चारही वेळा दुसरा दिवस मावळला नव्हता.

हे सगळं त्या पोरीला तिथं सांगता आलं असतं. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

"सोडली मी," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. "मग कसं वो?"

मग मी जे सुचेल ते सांगत गेले. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर गरम पाणी प्यायचं. हात शिवशिवला की बडीशेप तोंडात टाकायची. डोकं दुखायला लागलं की घरात बसायचं नाही, ओढ्यापर्यंत चालत जायचं आणि यायचं. रात्री कोमट दूध. यातलं एकही मी स्वतः करून बघितलं नव्हतं.

"आणि किती दिवस दुखतंय?"

"तीन," मी ठोकून दिलं. "तीन दिवस काढलेस की चौथ्या दिवशी काही नाही."

"तीन," तिनं बोटं मोजली. "जमंल की मग."

त्यानंतर रोज सकाळी प्रणाली शाळेच्या फाटकात माझी वाट बघत उभी राहायची. मी आले की डावा हात पुढं करायची. मी बोट बघायची आणि म्हणायची, शाब्बास. चौथ्या दिवशी मी विचारलं, "थांबलं का डोकं?" ती म्हणाली, "व्हय बाई." चेहरा ओढलेला दिसत होता, पण मी खोलात गेले नाही. मी सांगितलं होतं तसं झालं, याचंच मला नवल वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात रंग फिका झाला, महिनाभरात बोट बाकीच्या बोटांसारखं दिसायला लागलं. मी शाब्बास म्हणायची, आत जायची, आणि दुपारी डबा खाऊन झाला की स्टाफरूमच्या मागं जाऊन माझी डबी उघडायची. लाज वाटायची. लाज वाटली की जास्तच लावावीशी वाटायची.

मधेच तालुक्याचे साहेब पाहणी करून गेले. त्यांनी फाटकाची पाटी पाहिली, तक्ता पाहिला, नारळपाणी घेतलं. आमच्या शाळेला प्रमाणपत्र मिळालं. चौगुले सरांनी ते फ्रेम करून माझ्याच हस्ते भिंतीवर लावलं.

तीन महिने भरले तेव्हा डॉ. मुजावर आल्या. तो शनिवार होता. त्यांनी चौदा मुलींनाच बोलावलं आणि सगळ्यात आधी प्रणालीला खुर्चीत बसवलं. ओठ खाली ओढून बॅटरी मारली. मी दाराला टेकून उभी होते.

"गेलाय," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी पुसट राहिलाय, तोही जाईल. काय केलंस गं?"

"बाईंनी सांगितलं तसं." प्रणाली खुर्चीतून उठून मुलींकडे वळली. "गरम पाणी प्यायचं, बडीशेप खायची, ओढ्यापतूर चालायचं. बाईंनीबी तसंच सोडलीया."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसल्या. "बाई, तुम्हीसुद्धा? बोलला नाहीत कधी. या ना, बसा. या मुलींना बघू देत."

"माझा गणिताचा तास आहे आता."

"आज शनवार हाय बाई, गणित न्हाई," प्रणाली म्हणाली आणि खुर्ची फडक्यानं पुसायला लागली.

तेरा मुली माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर प्रणालीला त्याच क्षणी कळलं असतं. बसले तर अर्ध्या मिनिटानं कळणार होतं. मी बसले.

बॅटरीचा उजेड गालाच्या आत गरम लागला. मग डॉक्टरांनी बॅटरी बंद केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज सकाळीच लावलीय तुम्ही." आणि त्याहून हळू, "तुमच्याकडेही आहे चट्टा. तिच्यापेक्षा मोठा. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात चला, मी चिठ्ठी देते. टाळू नका."

कितीही हळू बोललं तरी खुर्चीला हात लावून उभ्या असलेल्या पोरीला ऐकू जातंच.

"म्हंजे तुमी सोडलीच न्हाई?" प्रणालीनं विचारलं.

"नाही."

"कवाच?"

"कधीच नाही."

"मग ते गरम पाणी? बडीशेप?"

"मनानं सांगितलं."

ती आता डबी मागायला आजीकडे जाईल, पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि या तेरा तर सोडायचा विचारही करणार नाहीत, असं सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. प्रणाली कपाळाला आठ्या घालून विचार करत होती, फळ्यावर अवघड गणित असलं की करायची तसा.

"पन मी तर सोडली की," ती म्हणाली.

आणि फडकं बाकावर टाकून बाहेर निघून गेली.

रविवार कसा गेला ते मला आठवत नाही. डबी मी तीनदा गटारात टाकायला नेली आणि तीनदा परत आणली. सोमवारी पहाटे हात आपोआप तिच्याकडे गेला. बोट कितीही लिंबानं घासलं तरी काळंच राहिलं.

शाळेच्या फाटकात प्रणाली नव्हती.

वर्गात हजेरी झाली. मी म्हटलं, "हात." पोरांनी हात बाकांवर पसरले. मी पट्टी घेऊन निघाले. तिसऱ्या बाकापाशी आले तर तिचे हात मांडीवर होते.

"हात दाखव," मी म्हटलं.

"माझं काय बघायचं आता?" ती म्हणाली. "तुमचा दाखवा."

मागं कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी पट्टी बाकावर ठेवली. डावा हात पुढं केला. सगळ्या वर्गाला दिसला.

तिनं ते बोट धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मी धरायची तसंच.

"आज पयला दिवस धरा," ती म्हणाली. "आणि बाई, तुमचं ते तीन दिवस चुकीचं हाय. मला नऊ लागलं."

"नऊ?" मी विचारलं. "चौथ्या दिवशी तू म्हणालीस, थांबलं म्हणून."

"तुमचं तिसऱ्या दिवशी थांबलं हुतं न्हवं? मला वाटलं, माझंच कायतर चुकतंय. तुमी चिडशीला म्हणून सांगितलं न्हाई." तिनं बोट सोडलं. "ओढ्याचं तेवढं खरं हाय. चाललं की कमी हुतंय. तुमी मोठ्या हायसा, तुमाला नऊपेक्षा जास्ती लागतील."

मला सव्वीस लागले. त्या सव्वीस दिवसांत रोज सकाळी ती शाळेच्या फाटकात उभी असायची, आणि मी हात पुढं करायची.